अण्णाचा अनवाणी शिपाई

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी मेहरूणच्या तलावावर फिरायला गेले होते. वहिनींचा फोन धुळ्याहून. त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, सकाळी चहा ठेवला आणि हाक मारली, तर हा उठलाच नाही... मी तिथेच कठड्यावर बसले. पहिला विचार आला तो लिहायला मला लाज वाटत नाही. वाटलं, आता गावाकडचे दिलीपआबा हार घेऊन सगळ्यांच्या आधी पोचणार. आणि तसंच झालं.

अण्णा माझा थोरला भाऊ. धुळ्यात दातांचा दवाखाना होता त्याचा. पेशंट गेले की मागच्या खोलीत बसून तो लहान लहान सैनिक रंगवायचा. परदेशातून राळेचे, म्हणजे रेझिनचे, सुटे भाग मागवायचे, ते जोडायचे, आणि अर्ध्या वितीच्या माणसाला कपडे, कातडी, डोळे द्यायचे. दात कोरायची हत्यारं हाताशीच होती. वहिनी म्हणायच्या, लोकांच्या तोंडातून निघून हा त्या बाहुल्यांच्या तोंडात शिरतो. बरीच वर्षं तो डब्यावरचं चित्र पाहून जसंच्या तसं रंगवायचा. मग एकदा त्याने पहिल्या महायुद्धातला एक गोरा शिपाई मागवला आणि मला फोन केला. म्हणाला, "ह्याचा मी आपला पणजोबा करणार आहे."

पणजोबा म्हणजे आमच्या आजीचे वडील. साक्रीच्या रस्त्याला आजीचं माहेर, तिथून ते पलटणीत भरती झाले, त्याच महायुद्धात समुद्रापार बसऱ्याकडे गेले आणि परत आले नाहीत. फोटो नाही, कपडा नाही, काही नाही. आजी तेव्हा अगदी लहान होती. आम्ही विचारलं की तिचं एकच सांगणं असायचं, "मना बापनं तोंड माले याद नही. बूट गळामा टांगेल व्हतात, पाय उघडा व्हतात. बूट चावेतस, असं सांगे." सुट्टीवरून परत निघालेला बाप तिने पाहिला होता तो एवढाच. लहान पोर, तिची नजर बापाच्या तोंडापर्यंत पोचायचीच नाही, असं अण्णा म्हणायचा.

त्या गोऱ्या शिपायावर अण्णाने कित्येक महिने घालवले. टोपी दात घासायच्या मशीनने घासून काढली, पुट्टीची बारीक वळी करून तिचा फेटा बांधला, एकेक पदर सुईने दाबत. तोंड तर पुरतं खरवडलं. नवं तोंड कुठून आणायचं, तर आमच्याकडून. कपाळ आजीचं, जबडा आमच्या वडिलांचा. मी एकदा धुळ्याला गेले तर मला खिडकीशी बसवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, कान तुझे घेतो. शेवटी त्याने शिपायाचे बूट कापून काढले. त्या जागी अनवाणी पाय केले, पसरलेली बोटं, टाचांना भेगा. बूट वेगळे घडवले आणि नाड्यांना नाड्या बांधून गळ्यात अडकवले. रंगाला बसला की दिव्याखाली स्वतःचं मनगट धरायचा. आधी गडद तपकिरी, मग पातळ पातळ हात देत उजळत वर यायचं. आपल्याकडची कातडी एका रंगाची नसते, म्हणायचा, उन्हाने ती जागोजागी वेगळी होते. पायांवरची धूळ त्याने सगळ्यात शेवटी दिली. पूर्ण झाल्यावर मी तो हातात घेतला आणि मला रडू आलं. ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी. कोणीतरी चालत घरापासून लांब चाललं होतं आणि त्याचे पाय दुखत होते, हे त्यात दिसत होतं.

आजीच्या माहेरच्या गावात नवं सभागृह होणार होतं. दिलीपआबा हे आजीच्या भावाचे नातू, गावातलं वजनदार माणूस. ते म्हणाले, पणजोबा जितके तुमचे तितकेच आमचे, गावात काचेत ठेवू. अण्णाने आनंदाने दिला. मी नको म्हणत होते. त्यावर म्हणाला, अगं, त्यांना घरी जाऊ दे की.

उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या. मला आधी वाटलं हा दुसराच कोणी आहे. फेटा भगवा, चकचकीत. चेहरा गोरा करून वर मोठ्या मिशा काढल्या होत्या. छातीवर सोनेरी ठिपके, ती पदकं. गळ्यातले बूट तोडून टाकले होते आणि उघड्या पायांवर काळा तेलरंग फासला होता. त्या काळ्या रंगाखाली पायाची बोटं मोजता येत होती... कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

अण्णा आबांजवळ गेला. आबांनी समजावून सांगितलं, रागाने नाही, मायेनेच. "अण्णा, अनवाणी पणजोबा गावसमोर कसा ठेवाना? लोके म्हनतीन, भिकारी व्हता."

अण्णा म्हणाला, "बूट व्हतात ना, आबा. गळामा व्हतात."

आबा हसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जेवायला चला म्हणाले. अण्णा जेवला. पंगतीत बसून सगळं जेवला. परतताना गाडीत मी बडबडत होते, परत मागू, तोडून टाकू, वर्तमानपत्रात देऊ. तो खिडकीबाहेर बघत होता. वाटेतलं कुसुंबा गाव मागे पडल्यावर म्हणाला, जाऊ दे, त्यांनी प्रेमानेच केलंय. ह्या वाक्याचा मला आजही राग येतो. आबांपेक्षा जास्त अण्णाचा. त्यानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही. विचारलं की डोळ्यांचं कारण सांगायचा. पण दाढेतली बारीक भेग त्याला शेवटपर्यंत दिसत होती.

गावाने शोकसभा त्याच सभागृहात ठेवली. अण्णाचा फोटो, त्याला हार, आणि शेजारी टेबलावर काचेतून काढून आणलेला तो शिपाई. त्यालाही हार, अंगठीएवढा, कोणीतरी हौसेने गुंफलेला. आबा बोलले, चांगलं बोलले, डोळेही पुसले. ही कलाकृती म्हणजे डॉक्टरांचा आत्मा, म्हणाले. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकसमोर गेले आणि म्हणाले, "हे माझ्या भावाने केलेलं नाही. त्याने केलेलं तुम्ही बुजवलंत. त्याला ते लागलं होतं. तो बोलला नाही, म्हणून मी सांगते."

आबांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं बरं वाटेल, पण काहीच वाटलं नाही. मी शिपाई उचलला, हार काढून टेबलावर ठेवला आणि शिपाई पदरात गुंडाळून खाली आले. कोणी अडवलं नाही. थोड्या वेळाने चहा फिरला. निघताना आबा गाडीपाशी आले, म्हणाले, ताई, आम्हाले कळनं नही. मी काच वर केली. त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

घरी आणून मी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला. आधी काळा निघाला, मग सोनेरी, मग भगवा. खाली अण्णाचा रंग असेल अशी माझी आशा होती. तोही त्याच बोळ्याला लागून आला, मातकट, थोडा थोडा. मी थांबायला हवं होतं की नाही, मला कळेना. हात चालतच राहिला... शेवटी नुसता बिनरंगाचा पुतळा उरला. परदेशी राळ करडी आहे आणि अण्णाची पुट्टी पिवळट, त्यामुळे कुठवर तो गोरा शिपाई आणि कुठून आमचा माणूस, हे आता अगदी स्पष्ट दिसतं. फेटा आमचा, तोंड आमचं, पाय आमचे.

तो माझ्या देवघराच्या फळीवर आहे. धुळ्याहून भाचा आला होता, म्हणाला, पुण्यात अशी कामं करणारा एक जण आहे, त्याच्याकडून सुंदर रंगवून आणतो. मी नको म्हटलं. तो म्हणाला, आत्या, असा फार उघडा वाटतो गं.

वाटू दे, म्हटलं.