आत्याबाईंचं शून्य

जगातल्या कोणत्याही दोन आकड्यांत मोठा कोण, हे ठरवल्याशिवाय माझ्या मावशीच्या यजमानांना चहासुद्धा पचत नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. घाटनांदूरकडच्या एका शाळेत तिसरीला गणित शिकवता शिकवता काका स्वतः तिसरीच्या पुढे गेलेच नाहीत, आणि त्याचं त्यांना भलतंच सुख आहे. रेल्वेचं फाटक बंद असलं की लोक वैतागतात, काका मात्र मालगाडीच्या डब्यांवरचे लांबलचक नंबर वाचत "हा मागच्याचा बाप हाय!" असं आनंदाने ओरडतात. बीडच्या स्टँडवर एकदा दोन एसट्यांचे नंबर ताडून बघण्याच्या नादात आमचीच एसटी निघून गेली. मी चिडलो, तर म्हणाले, "अरे, हजाराच्या घरात दोघी बरोबर, शतकातबी बरोबर! दशकापर्यंत जावं लागलं. घाईत कसं सांगू?" अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

कहर झाला तो त्यांच्या लेकीच्या लग्नात. अक्षता पडल्यावर, पंगत बसायच्या आधी काकांनी खेळ काढला. दोन्हीकडच्या चार-चार जणांनी गळ्यात एकेका आकड्याची पाटी अडकवायची आणि ओळीत उभं राहून मोठ्यात मोठी संख्या करायची. आम्ही मुलीकडचे काकांच्या तालमीतले. सात, सहा, चार, एक असे पटापट उभे राहिलो. मुलाकडची मंडळी मात्र आकडा न बघता मान बघून उभी राहिली. नवरदेवाची आत्या सगळ्यांत मानाची, म्हणून पहिली. तिच्या गळ्यात शून्य. मग थोरले चुलते दोन घेऊन, मामा पाच घेऊन आणि शेवटी धाकटी करवली आठ घेऊन.

"आत्याबाई," काका पोटतिडकीने म्हणाले, "पुढच्या शून्याला काही किंमत न्हाई. तुमी शेवटी जा बरं."

"नवरदेवाची आत्या मी! मी शेवटी कावून जाऊ? आमी जेवणारच न्हाई!" आत्याबाई कडाडल्या, आणि त्यांच्यामागे अख्खं वऱ्हाड रुसलं. मावशीने पदर तोंडाला लावला. नवरीचे डोळे भरले. तिला आजच ह्या माणसांत नांदायला जायचं होतं.

"त्यांचीच संख्या मोठी म्हणून टाका की," मी काकांच्या कानात म्हणालो.

"खोटं?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो.

त्यांनी डोकं खाजवलं आणि एकदम टाळी वाजवली. "आत्याबाई, तुमी जागच्या हलू नका! पाट्या तेवढ्या पाठीवर टाका. आन् बाकीच्यांनी खुर्च्या उचला, ह्यांच्या मागं येऊन बसा!" झालं, फेटे, शालू, सगळे खुर्च्या डोक्यावर घेऊन हसत पलीकडे धावले. मागून वाचलं तर आठ हजार पाचशे वीस! "घरं दोन्हीकडं चार," काका नाचत ओरडले, "आता हजार बघा. आठ मोठा का सात? आमी हरलो!" हरून एवढा नाचलेला मुलीचा बाप मी दुसरा पाहिला नाही. आत्याबाई खुदकन हसल्या, पाठीवरच्या पाटीसकट पंगतीला बसल्या आणि नव्या सुनेला स्वतःच्या हाताने घास भरवला.

संध्याकाळी पाठवणी झाली. खुर्च्या अजून तशाच होत्या, रस्त्याकडे पाठ करून. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसे काका त्यांतल्या एकीवर जाऊन बसले आणि रिकाम्या मांडवाकडे बघत राहिले.

"काका, गाडी निघाली."

"निघू दे," ते म्हणाले. "वळून बघितलं तर लई लांब गेलेली दिसंल."

शेजारची खुर्ची रस्त्याकडे वळवायला मी हात लावला होता, तो काढून घेतला आणि त्यांच्यासारखाच पाठमोरा बसलो.