बाबांच्या नावाचा मीटर

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आमच्या घराचं लाइटबिल त्यांच्याच नावाने येत होतं. बिल यायचं, मी भरायचे. नाव बदलायला हवं हे कधी डोक्यातच आलं नाही.

आमचं घर अंधेरीला, समुद्राकडच्या कोळीवाड्यात. खाली दोन खोल्या, वर एक आणि तिच्यावर उघडी गच्ची. बाबा नाखवा होते, स्वतःची बोट होती. नवरा वारल्यावर मी मुलीला घेऊन माहेरी आले ती तिथलीच झाले. पहाटे बंदरावरून मासळी घ्यायची, घरी साफ करून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांमधून फोनवर येणाऱ्या ऑर्डरी पोचवायच्या, हा माझा धंदा. फ्रीझर दिवसरात्र चालू. बिल आलं की मी ते वाचायचेच नाही, नुसतं भरून टाकायचे.

एक दिवस मुलगी म्हणाली, "आई, गच्चीवर सोलर लाव ना. सरकार सबसिडी देतंय. फॉर्म मी भरते."

तिने मोबाईलवर सगळं वाचून काढलं. अडचण एकच निघाली. अर्जातलं नाव आणि बिलावरचं नाव एकच पाहिजे. म्हणजे मीटर आधी माझ्या नावावर व्हायला हवा आणि त्याला बाकीच्या वारसांची संमती लागणार. बाबांना वारस दोनच, मी आणि माझा धाकटा भाऊ.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आई मासळी विकायला जायची तेव्हा त्याला मीच कडेवर घेऊन वाड्यात फिरायचे. मोठेपणी त्याला दुसरं काही नको होतं, फक्त समुद्र. पण बाबा गेले आणि पाठोपाठ आईचं डायलिसिस सुरू झालं. बोट विकायचं मी आणि आईने ठरवलं. त्याला विचारलं नाही. कागद तयार करून मी त्याच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "सही कर." त्याने केली. महिन्याभरात बायकोला घेऊन तो मुलुंडला राहायला गेला. एसीचं काम शिकला. कधी मरोळच्या कारखान्यांमध्ये, कधी मोठमोठ्या बिल्डिंगांमध्ये एसी बसवायचा. आई गेली तेव्हा बाराव्याला आला, दाराशी बसला आणि न जेवता गेला. त्यानंतर आमचं बोलणं नव्हतं.

एका रविवारी मी त्याच्याकडे गेले. भावजयीने दार उघडलं, "या ताई," म्हणाली आणि घाईघाईने चहा टाकायला आत गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. घर नीटनेटकं, शांत. भाऊ खुर्चीत बसला होता. मी फार वेळ घालवला नाही. सोलरचं सांगितलं, सबसिडीचं सांगितलं आणि पिशवीतून कागद काढला.

त्याने कागदाला हात लावला नाही.

"बोटीच्या वेळी पण तू अशीच आलीस, ताई. कागद घेऊन."

"अरे, घर कुठे जातंय? नुसता मीटर आहे."

"तुला नुसता मीटर. बिलावर बाबांचं नाव आहे तोवर ते घर माझं पण आहे. एकदा तुझं नाव आलं की मी पाहुणा."

खरं म्हणजे तेव्हाच मी कागद पिशवीत ठेवून त्याच्या शेजारी बसायला हवं होतं. पण माझं तोंड पहिल्यापासून फटकळ.

"घरासाठी तू केलंस तरी काय रे?" मी म्हटलं. "आईला आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात कोण नेत होतं?"

भावजय चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. मी कागद टेबलावर टाकला आणि चहा न घेताच निघाले.

तीन आठवडे गेले. मुलीने सोलरचं नाव काढणं सोडून दिलं. मग एका दुपारी ऑर्डरी पोचवून घरी आले तर शेजारणीने हाक मारली आणि एक लिफाफा हातात दिला. "तुझा भाऊ येऊन गेला. किल्ली माझ्याकडे होती, दिली मी. तासभर गच्चीवर होता, टेप घेऊन मोजत होता. ताई कधी येईल, विचारत होता. मी म्हटलं, तिचं काही सांगता येत नाही."

लिफाफ्यात तोच कागद होता. सही केलेला, वर नोटरीचा शिक्का. ते काम त्याने स्वतःच करून आणलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आमच्या गच्चीचा नकाशा होता. टाकी कुठे, नारळाची सावली सकाळी कुठवर येते, पॅनल कुठल्या बाजूला तोंड करून लावायचे. खाली त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "खारी हवा आहे. साधं लोखंड घेऊ नको, गंजेल. गॅल्व्हनाइजचेच स्टँड माग. फ्रीझरचं वायरिंग जुनं आहे, ते आधी बदल."

मी जिन्यात बसून ते दोन-तीनदा वाचलं. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. वाटलं, आता नको. पॅनल बसतील त्या दिवशी दोघांना जेवायलाच बोलावू, ओल्या बोंबलांचं कालवण करू, त्याला आवडतं तसं पातळ. तेव्हा समोरासमोर बोलू. आज कळतं, तो माझा ताठा होता. फोन करायला असा किती वेळ लागला असता?

मे महिन्यात मीटर माझ्या नावावर झाला. सोलरचा अर्जही मंजूर झाला. त्याच आठवड्यात भावजयीचा फोन आला. ती नीट बोलतच नव्हती. घाटकोपरच्या एका बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्याबाहेर भाऊ एसीचं बाहेरचं युनिट बसवत होता. पायाखालचा स्टँड सुटला. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्याला मी पाहिलं तेव्हा मनगटावर एसीच्या पाइपला लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली तशीच होती. ती मी सोडवली. त्याच्यासाठी माझ्या हातून झालेलं शेवटचं काम तेवढंच.

मला सोलर नकोसं झालं. मुलीला म्हटलं, अर्ज रद्द कर. हे भावजयीच्या कानावर गेलं तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली.

"ह्यांनी सुट्टी टाकून ते माप घेतलं होतं, ताई. तुम्ही रद्द कसं करता?"

मग पॅनल बसले. बसवणाऱ्यांनी आधी आपला टेप काढला, मग मुलीने दिलेला नकाशा बघितला आणि त्यातला मोठा माणूस म्हणाला, "कोणी काढलाय हा? करेक्ट आहे एकदम." उत्तर मुलीनेच दिलं. मी खाली निघून गेले.

दोन-अडीच महिन्यांनी सबसिडी खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला. तेव्हा मी मासळी साफ करत होते. मुलीने मेसेज वाचून दाखवला. मी "बरं" म्हटलं आणि हातातली सुरमई कापत राहिले. बिल आता नावापुरतं येतं. माझ्या नावाने येतं.

गेल्या महिन्यात भावजय घरी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चप्पल काढून ती सरळ गच्चीवर गेली. पॅनलच्या कडेवरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली.

"ताई, हे कुठे उभे होते हो? मोजताना?"

"मला नाही गं माहीत," मी म्हटलं. "मी घरी नव्हते."

मग जिना उतरून ती वरच्या खोलीत आली. गच्चीवर आता पॅनलची सावली असते, त्यामुळे वरची खोली पहिल्यासारखी तापत नाही. मी चटई टाकली आणि म्हटलं, जरा पड. ती आडवी झाली आणि पाच मिनिटांत तिचा डोळा लागला. जेवायला उठवावं की नाही, ते मला कळेना. मी नुसती उंबऱ्यात बसून राहिले.