अर्ध्या गोळीवर बोटभर जास्त

दाजीबानपेठेतलं आमचं कापडाचं दुकान लहान, पण नाव मोठं. त्याला कारण आमच्या घरातली एक खोड. मीटरभर मागा, वर बोटभर जास्त मिळणारच. आजेसासऱ्यांपासूनचा नेम. आमच्या ह्यांना तर बरोब्बर मापावर कापायचं म्हटलं की पोटात दुखतं.

कात्री खरं तर माझी. ब्लाउजपीस कापावा तर मीच, बोलता बोलता, सरळ रेषेत. मग भरल्या दुकानात एकदा छाती धडधडायला लागली, जीव जातोय असं वाटलं, आणि ते सारखंच व्हायला लागलं. धारवाडच्या सप्तापुरातल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. जीव शांत झाला हो, पण इतका, की गिऱ्हाइकानं रंग विचारला तर मी नुसतीच बघत बसायची. कात्री ह्यांच्याकडे गेली. ती मला परत हवी होती, बास, दुसरं काही नको.

वर्षभरानं डॉक्टर म्हणाले, "अक्का, आता गोळी उतरवू. पण एकदम बंद नाही, ते धोक्याचं. आधी अर्धी, मग पाव. हात थरथरतील, घाम येईल, झोप मोडेल. फार झालं तर त्याच पायरीवर थांबू. मनानं काही करायचं नाही."

गोळी अर्धी करायचं काम ह्यांनी आपणहून घेतलं. सकाळी अंघोळ करून, चंचीतला सुपारीचा अडकित्ता पुसून असे बसायचे, जशी पूजाच मांडलीय.

आणि माझी काय गंमत सुरू झाली! एक दिवस वाघीण, दुसऱ्या दिवशी शेळी. आज कांदेपोहे करताना गाणं म्हणावं, उद्या हातातली कपबशी खडखड वाजावी. हे म्हणायचे, "भूकंप आला वाटतं!" मी म्हणायची, "हसा, हसा, तुमचं काय जातंय!" पण आतून मी पार घाबरले होते. ही गोळी आता माझ्याबरोबर सरणावरच जाणार, असं धरून चालले आणि एका दुपारी ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्याच दिवशी हे मला बसनं धारवाडला घेऊन गेले.

डॉक्टरही चक्रावले. "एक दिवसाआड कसा काय त्रास? गोळी कापतं कोण?"

"मीच की!" हे छाती काढून म्हणाले. नुसतं सांगून भागेल होय? चंची उघडली, अडकित्ता काढला आणि टेबलावरच गोळी कापून दाखवली. डॉक्टरांनी दोन्ही तुकडे तळहातावर घेतले. एक चांगला गलेलठ्ठ, दुसरा अगदीच किडमिडा.

"हे अर्धं?"

"अर्धंच. वर जरासं जास्त. आपल्याकडनं माप कमी जायचं नाही, डॉक्टर."

"आणि हा दुसरा?"

"तो कटपीस. उद्याला."

"अय्यो शिवने!" म्हणून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मला जे हसू फुटलं ते पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. म्हणजे माझ्यात खोट नव्हती! मी बापडी दिवसाआड कटपीसवर जगत होते! शेवटी डॉक्टरही हसले, म्हणाले अंगाला रोज सारखंच मिळायला हवं, आणि कापावीच लागणार नाही अशी कमी ताकदीची गोळी लिहून दिली. ह्यांचं तोंड मात्र एवढंसं झालं. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "मला वाटलं, तुला कमी पडायला नको." मग मी त्यांचा हात धरून बसले.

थरथर त्यानंतरही झाली, उगाच कशाला खोटं बोलू? एका पायरीवर तर आम्ही बरेच दिवस थांबलो. दुपारचा चहा सोडला, संध्याकाळी चालायला लागले, आणि एकदाची डॉक्टरांच्या सांगण्यानं शेवटची गोळी संपली.

पुढच्या सोमवारी दुकानात एक म्हातारी आली. "मीटरभर खण दे की, अक्का." मी ह्यांच्यापुढे हात केला. त्यांनी कात्री दिली. मी मोजलं, बोटभर जास्त सोडलं, मग म्हटलं जाऊ दे, आणखी वीतभर सोडलं, आणि कात्री घातली. सरळ! या काठापासून त्या काठापर्यंत सरळ!

"जास्त झालं ग," म्हातारी म्हणाली.

"असू दे, आजी," हे पाठमोरेच म्हणाले. कापडाची रचलेली ठाणं पुन्हा रचत होते, डोळे पुसत. मी कात्री कमरेला खोचली आणि विचारलं, "आणखी काय दाखवू?"