दोन रकान्यांतली एक ओळ

“आत काय टाकणार, ते सांगा आधी.” अमुक फंक्शन काय देतं, असं विचारलं की भाई चष्मा कपाळावर सरकवायचा आणि हेच म्हणायचा. चहा विचारला तरी हेच. आलं की गवती चहा, ते कळेपर्यंत हो म्हणायचा नाही.

कर्जतला आमचं डेटाबेस सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. नव्या आवृत्तीत काय बदललं हे ग्राहकांना सांगणाऱ्या रिलीज नोट्स मी जुळवते. माझ्या तक्त्यात तीन रकाने: नवीन, सुधारणा, सावधान. एक बदल, एक रकाना. तो माणूस खोपोलीहून स्कूटरवर यायचा आणि फंक्शनांची, म्हणजे आत काही टाकलं की उत्तर काढून देणाऱ्या छोट्या आज्ञांची, माहिती लिहायचा. सगळे त्याला भाई म्हणायचे.

एकदा पॉलिमॉर्फिक फंक्शनांचा बदल आला. म्हणजे फंक्शन एकच, पण आकडे दिले तर आकडे परत देतं, तारखा दिल्या तर तारखा. आधी एका वेळी दोन गोष्टी आत टाकायच्या तर त्या अगदी एकाच प्रकारच्या लागत. आता एकमेकींशी जुळणाऱ्याही, म्हणजे पूर्णांकासोबत दशांश वगैरे, चालणार होत्या. मी ओळ ‘सुधारणा’त टाकून मोकळी झाले.

“ताई, ती ‘सावधान’मध्येपण हवी.”

“अहो, सोय वाढली ना? मग सावधान कशाला?”

“दोन्ही आहे.”

“दोन्ही नावाचा रकाना नाही माझ्याकडे.”

तो मला खालच्या पिठाच्या गिरणीत घेऊन गेला. “काकू, आता भाजणीपण दळता ना?”

“तू कदीपासून भाजणी खायला लागलास रं?” सत्तरी ओलांडलेल्या गिरणीवाल्या काकू म्हणाल्या. “दळते, पन मंगळवारीच. रोज घेतली तर मागून येणारीच्या तांदळाला वास लागतो, मग ती भांडते. आदी सांगितलेलं बरं नाय का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला भाजणी कळली, फंक्शन नाही.

वर आल्यावर त्याने सावकाश सांगितलं. काही ग्राहकांनी आमच्या फंक्शनच्या जुन्या वर्णनावर स्वतःची फंक्शनं बेतली होती. ती आधी काढली नाहीत, तर नवी आवृत्ती चढवताना काम मध्येच अडणार. पूर्वी एका कारखान्यात संगणक सांभाळताना त्याचं असंच अडलं होतं. “गेटवर ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि नोट्समध्ये काय लिहिलेलं? सुधारणा.”

साहेबांना ती ओळ नको होती. ‘सावधान’ लांबलं की ग्राहक घाबरतात म्हणाले.

“अडल्यावर कमी घाबरतील का, सर?” भाईने विचारलं.

“तुम्ही दोघं काय ते ठरवा,” म्हणून साहेब उठले. मी ओळ दोन्ही रकान्यांत टाकली आणि दिवसभर अस्वस्थ राहिले.

त्या ओळीबद्दल एकही तक्रार आली नाही. कुणी आभारही मानले नाहीत. ती उपयोगी पडली की कुणी पाहिलीच नाही, मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही तरी अशा नोट्स कधी वाचता का? भाईला विचारलं, तर म्हणाला, “अडलं असतं तर कळलं असतं, ताई.”

पुढे तो नोकरी सोडून मुलीकडे नाशिकला गेला. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, फार हट्टी माणूस. काकू म्हणाल्या, लाजरा पोरगा. मी त्याला कोणत्या रकान्यात घालू, ते ठरेना.

परवा त्याच्या जागी आलेली मुलगी जुना तक्ता चाळत होती. “ताई, ही ओळ चुकून दोनदा आलीय. एक काढू?”

मी चष्मा कपाळावर सरकवला. काय सांगायचं ते मला धड आठवत नव्हतं.

“चल, खाली जाऊन येऊ,” मी म्हटलं. मंगळवार होता. जिन्यातच भाजणीचा वास आला.