गफूरचाचा गोड बोलतात

दुपारचं जेवण झालंय. आईनं खिडकीवर ओली चादर टाकलीय आणि विदुला मगदूम पंख्याखाली चटईवर आडवी झालीय. झोपायचं नाहीये तिला. पाच वाजता सम्मेद येणार आहे आणि तोवर तिला ठरवायचंय.

सम्मेद तिचा आतेभाऊ. कुरुंदवाडला त्यानं एक गाळा हेरून ठेवलाय. चष्म्याचं दुकान काढायचं म्हणतो. अर्धे पैसे त्याचे, अर्धे तिचे. डोळे तपासायचं मशीन तो आणणार, मशीनवर ती बसणार. फक्त त्यासाठी तिला कॉलेज सोडावं लागेल. ती मिरजेला डोळे तपासण्याचाच अभ्यासक्रम शिकते. दोन वर्षं झालीत, दोन राहिलीत. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. फॉर्म मोबाइलवर उघडाच आहे आणि मोबाइल तिच्या छातीवर पालथा पडलाय.

खरं सांगायचं तर तिचं मन दुकानाकडे ओढ घेतंय. रोज जयसिंगपूर ते मिरज एसटीनं उभ्यानं जायचं, आणि दोन वर्षांनी कुठल्यातरी मोठ्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली राबायचं. त्यापेक्षा आपला गाळा, आपली खुर्ची. साठवलेलं थोडंफार आहे, तेही तिच्या स्वतःच्या कष्टाचं. नाही म्हणायला कारण काय?

पंखा घरघरतो. घरघर बारीक होत जाते, मग जरा ओलसर होते, आणि मग ती पंख्याची राहत नाही. काच घासायच्या चाकाची होते. चाकावर थेंब थेंब पाणी पडतंय.

"ये बेटा," गफूरचाचा म्हणतात. "बस की."

विदुला बसत नाही.

गफूर मुजावर आठ महिन्यांपूर्वी वारले. हे तिला इथेही पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या दफनाच्या दिवशी ती त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या बंद शटरसमोर बराच वेळ उभी होती. आता शटर उघडं आहे, चाचा चाकापाशी बसलेत, कोपरावर तीच ठिगळ लावलेली बाही. ते मेलेत म्हणून तिला भीती वाटत नाही. खटकतं ते वेगळंच. चाचांनी तिला जन्मात कधी बेटा म्हटलं नव्हतं.

अकरावीपासून तीन वर्षं ती रविवारी आणि सुट्टीत त्यांच्या दुकानात काम करायची. काच फ्रेमच्या मापाची घासायची, फ्रेममध्ये बसवायची, दांड्या सरळ करायची. ते तिला हाक मारायचे "ए मगदूम" म्हणून, शाळेच्या हजेरीत मारतात तशी. केलेलं काम उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "परत घास." कौतुक म्हणजे ते "परत घास" म्हणाले नाहीत, एवढंच.

"दुकान काढतीयस म्हणे," चाचा म्हणतात. चेहऱ्यावर हसू. "काढ की. एवढी हुशार पोरगी. कॉलेजात काय ठेवलंय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुझ्या हातात कला आहे बेटा. मी कुठं शिकलो होतो? चाळीस वर्षं केलंच की दुकान."

विदुलाला हेच ऐकायचं होतं. अगदी ह्याच शब्दांत. आणि म्हणूनच तिच्या मानेवर काटा येतो. बाजारात एखादा फारच गोड बोलायला लागला की आई पिशवीचं तोंड मुठीत धरते, तशी ती आतून काहीतरी घट्ट धरते.

"तुम्ही चाचाच ना?"

"मग कोण?"

"मी पहिली काच फोडली ती कुणाची?"

"पोस्टमनची. डावी. आणि तू संडासात जाऊन रडलीस."

बरोबर आहे. पण बरोबर असून उपयोग काय? ते तर तिलाही ठाऊक आहे. तिच्या डोक्यातलं तिच्याच डोक्यातून कुणीही काढून दाखवेल.

ती काउंटरच्या पलीकडे जाते आणि काउंटरचं कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं टेबल होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, पण वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी सारख्याच मोठ्या आहेत आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द: सोड. सोड. सोड. चाचा तक्त्याखाली हात बांधून उभे आहेत. अंगावर सम्मेदचा शर्ट आहे. निळ्या चौकड्यांचा, त्यानं परवा घातला होता तो.

"हा शर्ट तुमचा नाही," विदुला म्हणते.

चाचा खाली बघतात, जरा ओशाळतात. "नाही? असेल. घाईत निघालो."

"तुम्हाला कुणी पाठवलं?"

"तूच बोलावलंस."

"मी बोलावलं म्हणून मला पाहिजे तेच बोलताय. खरे चाचा असाल तर मला माहीत नसलेलं काहीतरी सांगा. जे मी कधी ऐकलेलं नाही."

चाकाचा आवाज थांबतो. इतका वेळ तो चालूच होता, हे तो थांबल्यावर कळतं.

चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू खाली उतरतं. ते गेल्यावर तो चेहरा तिच्या ओळखीचा होतो. ओठ आवळलेले, कपाळाला आठ्या. ते शर्टाची बटणं काढतात. आत त्यांची ठिगळाची बाही आहेच.

"बस, मगदूम," ते म्हणतात.

ती बसते. खाली एसटीचं सीट आहे. गाडी चालू आहे, बाहेर ऊस मागे पळतोय. गाडीत तिघंच आहेत: ती, चाचा आणि पुढच्या सीटवर पाठमोरी बसलेली एक बाई. बाई ब्लाउजला हुक लावतेय. सुई बोटांनी चाचपून शोधतेय.

"ही रत्नाबाई," चाचा हळू आवाजात सांगतात. "शिलाईकाम करायची. तू यायच्या आधीची गोष्ट. एक दिवस म्हणाली, चाचा, दारातून जाताना चौकटीला खांदा लागतोय. मी म्हटलं नंबर वाढला असेल. काच बदलून दिली. खूश होऊन गेली. सहा महिन्यांनी परत आली. म्हणाली, रस्त्यात माणूस एकदम अंगावर आल्यासारखा वाटतो, बाजूनं येताना दिसतच नाही. मी परत काच बदलली. दोन वर्षांत चारदा."

"मग?"

"मग काय! काचबिंदू. नंबरचा काही संबंधच नव्हता. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. आधी आणली असती तर उरलेली राखता आली असती."

बाईच्या हातातून सुई पडते. ती वाकत नाही. कुठं पडली ते तिला कळलेलं नाही.

"तुम्ही तिला डॉक्टरकडे का पाठवलं नाही?"

"मला ठाऊकच नव्हतं पाठवायचं असतं ते." चाचांचा आवाज चढतो. "काच घासायला मला अख्ख्या जिल्ह्यात तोड नव्हती. पण डोळा? डोळ्यात काय असतं, मला काय माहीत? ती चारदा माझ्या दारात आली. चारदा. कडेचं दिसत नाही, असं तोंडानं सांगत होती. मी तिला फ्रेमचा रंग विचारत होतो."

ऊस संपतो. बाहेर काहीच नाही, नुसतं पांढरं ऊन.

"कुणाला सांगितलं होतं हे?"

"कुणालाच नाही. तुला पण नाही. म्हणून तर तुला माहीत नाही."

मग विदुलातला संशय पुन्हा डोकं वर काढतो. हे सगळं गेल्या वर्षी कॉलेजच्या बाईंनी वर्गात शिकवलं होतं. कडेची नजर आधी जाते, माणूस धडपडतो, नंबर पुन्हा पुन्हा बदलतो, दुखत मात्र नाही. तिनं परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं.

"हे मी शिकलेय," ती म्हणते. "पुस्तकातलं आहे हे. म्हणजे तुम्ही माझ्याच डोक्यातून काढलंत. रत्नाबाई खरी कशावरून?"

चाचा आता पहिल्यांदा खरे हसतात. जिवंत असताना हसायचे तसे, नाकातून, आवाज न करता.

"आता जरा शिकल्यासारखी बोलायला लागलीस. विचार, विचार. सगळ्यांना विचार. पण पुस्तकातलं आहे म्हणतीस, तर ते खरं आहे की खोटं?"

"खरं आहे."

"मग मी कोण का असेना."

ते मांडीवरची पेटी उघडतात. आत लोखंडी चौकट आहे. नंबर काढताना डोळ्यांवर चढवतात ती, जड, गोल, काचा घालायच्या खाचा असलेली. चाचा ती तिच्या नाकावर ठेवतात. चौकट थंडगार आहे.

"पुढं बघ," ते म्हणतात आणि पहिली काच सरकवतात.

गाडीच्या खिडक्या दिसेनाशा होतात. अंधार होत नाही. त्या जागी काही उरतच नाही. दुसरी काच. आता चाचांचा खांदा नाही. तिसरी, मग चौथी. पुढच्या सीटवरच्या बाईचा फक्त अंबाडा उरतो, बांगडीएवढ्या गोलात. नजर साफ आहे. त्या गोलात अंबाड्याचा एकेक केस मोजता येईल. पण त्या गोलाबाहेर जगच नाही.

"कसं दिसतंय?" चाचांचा आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

"स्पष्ट दिसतंय."

"बघ. असंच म्हणायची ती पण."

विदुला दोन्ही हातांनी चौकट ओढते. निघत नाही. नाकाच्या हाडात रुतलीय. "काढा," ती म्हणते, "चाचा, काढा ना हे!"

"मला काढता येत नाही, मगदूम. चौथ्या काचेनंतर काय करायचं ते मला कुणी शिकवलंच नाही."

बाई मान वळवू लागते. तिचा चेहरा दिसणार, एवढ्यात बाहेर हॉर्न वाजतो. एकदा, मग दोनदा.

पंखा. चादर केव्हाच वाळलीय. विदुला धडपडत उठते, पाणीसुद्धा न पिता ओसरीवर येते. दारात सम्मेद गाडीवरून एक पाय टेकवून उभा आहे. पांढरा शर्ट.

"झोपली होतीस होय? बरं, हे बघ." तो मोबाइल पुढे करतो. "पाटी करायला दिली. कशी वाटतीय?"

पाटीवर मोठा डोळा आहे, पापण्या सोनेरी. खाली लिहिलंय: नेत्रतज्ज्ञ विदुला मगदूम. संगणकावर मोफत नेत्रतपासणी.

ती ते दोनदा वाचते. आपलं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत तिनं कधी पाहिलेलं नाही. क्षणभर छातीत गोड काहीतरी हलतं.

"मी नेत्रतज्ज्ञ कुठे आहे?"

"दोन वर्षं शिकलीस की. कोण विचारतंय?"

"एखादी बाई आली आणि म्हणाली, दारातून जाताना खांदा आपटतो. तुझं मशीन काय सांगेल?"

"नंबर सांगेल. मशीन नंबरच सांगतं."

"आणि नंबरनं तिचं भागलं नाही तर?"

"तर दुसरी काच द्यायची. धंदा आहे विदू. गिऱ्हाईक परत आलं तर चांगलंच की." तो हसतो. त्याच्या मनात खोट नाही. त्याला खरोखरच ठाऊक नाही, आणि विदुलाला सगळ्यात जास्त भीती त्या ठाऊक नसण्याचीच वाटते.

"मी उद्या फॉर्म भरतेय," ती म्हणते. बोलताना आवाज थोडा फाटतो. "दोन वर्षं थांबशील?"

सम्मेद गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवतो. "गाळा कोण थांबवून ठेवतंय? मला दुसरं कुणीतरी बघायला लागेल."

"बघ मग. पण माझं नाव काढ पाटीवरून. आणि कुणी कडेचं दिसत नाही म्हणालं, तर त्याला काच विकू नकोस. सरळ मिरजेला पाठव. एवढं तरी शिकून ठेव माझ्याकडून."

"कुणी काय सांगितलं का तुला? अशी का बोलतीयस?"

"कुणी नाही."

तो गाडी सुरू करतो आणि कोपऱ्यावरून वळतो. गेला. गाळा गेला, खुर्ची गेली, पाटीवरचं नावही गेलं. विदुला ओसरीच्या कठड्याला टेकते. आपण केलं ते बरोबर की एका दुपारच्या झोपेवर भलताच भरवसा ठेवला? रत्नाबाई असेल की नसेल? चाचा होते की अभ्यासाचीच भीती त्यांचा आवाज काढून आली होती? प्रत्येक गोष्ट उलटीसुलटी करून बघितली तरी तिला तिचा संशय सोडत नाही.

आई चहाचा कप घेऊन बाहेर येते. कप देता देता थांबते, डोळे बारीक करून लेकीच्या तोंडाकडे बघते.

"इकडं बघ गं. नाकावर काय हे? दोन्ही बाजूंना वळ उठलेत." ती अंगठ्यानं चोळून बघते. "तुला कधी चष्मा लागला? बोलली नाहीस ती."