रुबार्बचे देठ आणि सूर्यफुलाच्या बिया

जिंतूरला पंचवीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे घरात वाद निघाला की मला तक्ता आखल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षीचा तक्ता मुलीसाठी होता. ती इंग्लंडात असते. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं. तरी व्हिडिओ कॉलवर बघावं तेव्हा बाईसाहेब वाटीतून गुलाबी, तंतूतंतूंचा लगदा खाताहेत.

"रुबार्ब आहे, बाबा. आंबट देठ असतात, साखर घालून शिजवायचे."

रक्त कमी आणि ही साखर खाते! मी मोबाइलवर माहिती काढली आणि कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे गोड रुबार्ब, उजवीकडे सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. बिया माझ्या पाथरीच्या मित्राच्या शेतातल्या, पोपटांच्या तावडीतून वाचलेल्या. प्रथिनं, लोह, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व, सगळीकडे उजवी बाजू पुढे. डावीकडे पाणी, थोडा चोथा आणि वरून घातलेली साखर. कॅल्शियम तेवढं बरं दिसत होतं, पण रुबार्बमधलंच ऑक्झॅलेट ते धरून ठेवतं, अंगी फारसं लागत नाही. ती ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली. एक पदार्थ पाण्याने भरलेला आणि दुसरा कोरडा, मग वजनाला वजन कसं तोलायचं, हा प्रश्न वर्गात मीच विचारला असता. इथे मात्र सोयीस्कर विसरलो.

"आवो, खाऊ द्या की तिला," बायको म्हणाली. "कशाला लेकराचं डोकं खायलात?"

"तिचं रक्त वाढायला नको?"

बिया मंद आचेवर भाजून, मीठ लावून बायकोने डबा भरून दिला आणि मी तो कुरिअरने पाठवला.

डबा पोचल्यावरच्या रविवारी मी तक्ता कॅमेऱ्यासमोर धरून सगळा वाचून दाखवला. मला आणखी चेव आला.

"आणि देठच खातेस, पानं काय टाकून देतेस? खरं सत्त्व पानांत असतं. चुक्यासारखी डाळ घालून पातळ भाजी कर."

"बाबा, रुबार्बची पानं विषारी असतात."

देठांचं मी सगळं वाचलं होतं, पानांचं एक अक्षर नाही. पोरीने माझं ऐकलं असतं तर?

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला. "सांग आता त्यांना. मी किती दिवस झाकू?"

"बाबा, माझ्या पोटात काही टिकत नाही. बिया तोंडात घातल्या की उलटी होते. हे वाटीभर तेवढं राहतं."

आमच्याकडे असलं आईला सांगतात. बापाच्या कानावर फक्त डॉक्टरांचा रिपोर्ट येतो.

"कधीपासून?"

"दीड महिना झाला."

दीड महिना मी रोज तिला काय खाल्लंस विचारत होतो. तुला बरं वाटतंय का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"साखर जरा जास्त घालत जा," मी म्हणालो.