सुई केतकीच्या हाती

"टाइप वन डायबिटीस," डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, की आमच्या घरात कुणालाच मधुमेह नाही, तुमच्याकडे रिपोर्टची अदलाबदल झाली असेल. केतकी तेव्हा अकरा वर्षांची होती. तीन आठवडे ती पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करत होती, सारखी बाथरूमला पळत होती आणि वाळत चालली होती. मी म्हणत होते, उन्हाळा आहे, मुलगी उंच होतेय. उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालू लागला, तेव्हा कुठे नल्लकुंट्यातल्या आमच्या घरून रिक्षा करून तिला हॉस्पिटलात नेलं. शुगर चारशे ऐंशी निघाली.

या आजारात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. गोड खाल्ल्याने तो होत नाही, आईबापांच्या चुकीनेही होत नाही. इन्सुलिन नसलं की रक्तात आम्ल साठतं, त्याला किटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. आयसीयूबाहेरच्या बाकावर चार दिवस बसून मी एवढं शिकले. तुमचं मूल फार पाणी पीत असेल आणि वाळत असेल, तर माझ्यासारखं उन्हाळ्यावर ढकलू नका. बोटातलं थेंबभर रक्त तपासून घ्या.

घरी आल्यावर सुई मी हातात घेतली ती घेतलीच. जामबागेजवळच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते, तिथेच केतकी शिकत होती. मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार लावून मी तिला इन्सुलिन द्यायची. कुणी विचारलं तर 'थायरॉइड आहे' म्हणायचं, हेही पढवून ठेवलं होतं. मुलीची जात, उद्या स्थळं बघायची वेळ आली तर? इथल्या, तेलुगू मुलखातल्या जुन्या मराठी घरांना एकमेकांची सगळी खबर असते. नल्लकुंट्यात शिंकलं की शेजारच्या बरकतपुऱ्यात काढा उकळतो.

डॉक्टर दर खेपेला सांगायचे, "अम्मा, बच्ची को खुद करने दो." मी मान डोलवायची. घरी आलं की पुन्हा माझंच राज्य.

दहावीनंतर तिने दिलसुखनगरला कोचिंग लावलं. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी रोज तिच्याबरोबर निघायची. "आई, नक्को ना येऊ, मला येतं सगळं," ती म्हणायची. मी ऐकते होय! क्लासखालच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर डब्याची पिशवी घेऊन बसायची. साडेबाराला ती खाली यायची. जिन्याखाली मी पाठ करून आडोसा करायची, सुई द्यायची, मग डबा.

एके दिवशी सुई दिली आणि समोरून आमच्या हळदीकुंकवाच्या गोतावळ्यातल्या एक वहिनी येताना दिसल्या. "तू वर जा, डबा मी आणते," म्हणून मी केतकीला जिन्यावर पिटाळलं आणि वहिनींना हसून सामोरी गेले. त्यांच्या भाच्याची मुंज नुकतीच झाली होती. इन्सुलिन घेतल्यावर वेळेत खावंच लागतं, नाहीतर शुगर झपाट्याने उतरते. तो हायपोग्लायसेमिया. घाम, थरथर, आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर शुद्धही हरपते. पाच वर्षं हे घोकलेली मी डबा हातात धरून पाऊण तास मुंजीतला मेनू ऐकत उभी होते.

घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मी वहिनींना तिथेच सोडून पळाले. तीन मजले कशी चढले, माझं मला माहीत.

केतकी बाकावर बसली होती. चेहरा पांढरा, केस घामाने चिकटलेले, हातात ज्यूसचं रिकामं खोकं. शेजारची मुलगी तिचं बोट टोचून शुगर बघत होती. "आंटी, परेशान नक्को होओ. पचपन हो गई थी, जूस पिलाए. अब बयासी है."

"तुम्हें कैसे मालूम?" मी विचारलं.

"पैले दिन इच सबको बोल दी थी उने. बॅग में जूस किधर रहता, वो भी दिखाई."

मी केतकीकडे पाहिलं. खरं सांगते, आधी रागच आला. ती हळूच म्हणाली, "तू सांगू नको म्हणालीस. पण आई, मी पडले तर मला उचलायला कुणाला तरी माहीत पाहिजे ना?"

मी तिथेच बसले, डबा उघडून तिच्यापुढे ठेवला आणि रडले. मी जपत होते ते चार लोकांत आमचं नाव. स्वतःला जपत होती ती, आणि माझं न ऐकल्यामुळेच त्या दिवशी माझी मुलगी वाचली.

आभार कुणाकुणाचे मानू? बोट टोचायला न घाबरलेल्या त्या मुलीचे, तेच तेच सांगून न कंटाळलेल्या डॉक्टरांचे. आणि सर्वांत जास्त केतकीचे. मुलं मोठी होतात ती आपली परवानगी घेऊन नाही, हे आजारी मुलाच्या आईला जरा उशिराच कळतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. मी डबा भरून दिला आणि घरी थांबले. साडेबाराला फोन उचलला, पुन्हा ठेवला. तीनदा तरी असं झालं. एकच्या सुमाराला तिचाच मेसेज आला, इंग्रजी अक्षरांतल्या तिच्या मराठीत: 'सुई घेतली, जेवले. तू जेवलीस का?'

मी जेवले नव्हते. उठले आणि ताट वाढून घेतलं.